मर्फी भंगारात देण्याआधी जरा थांबा

रामबाग_रेडिओ:
परवा इथेच, आपल्या इंदूरवाल्यांच्या गटात, कुणीतरी टाकलंय, "डिजिटल रेडिओ आलाय, ॲप टाका आणि आजोबांचा जुना मर्फी रेडिओ भंगारवाल्याला द्या." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज पोहे घशाखाली उतरेनात म्हणून लिहितोय.

भिया, ॲप म्हणजे इंटरनेट. रिचार्ज संपला, रेडिओ संपला. डिजिटल रेडिओला ट्रान्समीटर असतो, अँटेना असते, हवेतून येतो, फुकट येतो. ॲपवर लाख लोक आले की सर्व्हरला घाम फुटतो, ट्रान्समीटरला एकाने ऐकलं काय आणि अख्ख्या माळव्याने ऐकलं काय, सारखंच.

युरोपात डिजिटल रेडिओची डॅब प्लस नावाची पद्धत चालते, १७४ ते २३० मेगाहर्ट्झमध्ये, नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम बंदच करून टाकलं. ते आपल्याला लागू नाही, त्यामुळे परदेशातल्या भाच्याने पाठवलेला डॅबवाला सेट इथे एफएमपुरताच. आपल्या आकाशवाणीने डीआरएम नावाची दुसरी पद्धत घेतली, मीडियम वेव्हवर (म्हणजे रेडिओवरच्या जुन्या एएम पट्ट्यावर) तीसहून जास्त ट्रान्समीटर त्यासाठी तयार केले. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन-तीन कार्यक्रम, वर पडद्यावर मजकूर. पण साध्या रेडिओवर लावलंत तर नुसता धबधब्यासारखा आवाज येणार. मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्टेशन बिघडलं समजून दोन फ्रिक्वेन्सी पुढे गेलो होतो, ते डिजिटलच होतं.

आणि खाजगी एफएमवाल्यांसाठी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजिटल रेडिओच्या शिफारशी दिल्या, पहिल्या टप्प्यात १३ शहरं. नागपूर आहे, कानपूर आहे, सुरत आहे. इंदूर नाही. स्वच्छतेत पहिले येऊन काय मिळालं ते बघा.

विजयनगर_टेकी:
ते मीच टाकलं होतं काका, आणि अजूनही तेच म्हणतो. तुमचा डीआरएम सेट मिळतो कुठे? सियागंजात विचारा, जेलरोडवर विचारा, दुकानदार तुमच्याकडे असं बघेल जसं काही तुम्ही ग्रामोफोनची सुई मागताय. ऑनलाइन मिळाला तर त्या पैशात बरा फोन येतो. माझी आई फोनवर पुणे केंद्र ऐकते, एक बटन, खरखर नाही. तिला कशाला किलोहर्ट्झ शिकवू?

रामबाग_रेडिओ:
आईचं छान चाललंय, चालू दे. पण दोन दिवस नेट बंद झालं की आई काय ऐकणार? पुराच्या, भूकंपाच्या वेळी टॉवर आधी जातात. डीआरएममध्ये इशारा आला की सेट स्वतःहून त्या चॅनलवर जातो अशी सोय आहे.

आणि सेट नाही तर दुसरे रस्ते आहेत. कितीतरी नव्या गाड्यांमध्ये डीआरएम कंपनीतूनच बसवलेलं येतं, मालकाला पत्ता नसतो. नाहीतर लॅपटॉपला एसडीआर, म्हणजे यूएसबीवरचा रेडिओ रिसीव्हर, लावा आणि ड्रीम नावाचं फुकट सॉफ्टवेअर. फक्त टीव्हीवाली स्वस्त डोंगल घेऊ नका, २४ मेगाहर्ट्झच्या खाली ती बहिरी असते, मीडियम वेव्हसाठी थेट सॅम्पलिंगवाली लागते.

जेलरोड_दुरुस्ती:
गाडीचं खरं आहे. एक गिऱ्हाईक आलं, म्हणे स्टिरिओ खराब, एएमवर गेलं की आवाज बदलतो. बघतो तर आधी साधं एएम लागत होतं, मग डिजिटल पकडलं की एकदम स्वच्छ. दोन वर्षं त्या माणसाला वाटत होतं बिघाड आहे!! मी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पण टेकीभाऊ चुकत नाहीत. वीस वर्षांत माझ्याकडे डीआरएम सेट मागायला तीन माणसं आली, त्यातला एक हे रामबागवाले, दोनदा.

लोकमान्यनगर_आजोबा:
मला डिजिटलचं कौतुक सांगू नका. उपग्रहावरून यायचा तो पैसे भरायचा रेडिओ, आठवतो का? सेट घेतला, छतावर वाटीएवढी अँटेना आग्नेयेकडे तोंड करून बसवली, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. एक दिवस कंपनी बंद. सेट अजून माळ्यावर आहे, त्याचा दरवाज्याला टेकू म्हणूनही उपयोग नाही, हलका आहे. आमच्या मर्फीला कुणी बंद करू शकलं नाही.

सुदामानगर_काकू:
तुमचं सगळं वाचलं पण मूळ रडगाणं वेगळंच आहे. आमच्याकडे मीडियम वेव्ह ऐकूच येत नाही, डिजिटल असो नाहीतर साधं. माझे वडील रात्री ५५८ वर मुंबई लावायचे, मराठी नाटक, भावगीतं, खरखर असली तरी कळायचं. मी दिवसा ९६३ वर जळगाव धरायचे. हल्ली सकाळी साडेसात झाले की रेडिओत घर्रर्र सुरू, ऊन चढेल तसं वाढतं, संध्याकाळी सहाला गप्प. महिनाभर डायरीत वेळ लिहिली. ढगाळ दिवशी कमी. शेवटी कळलं, शेजारच्या गच्चीवरचं सोलर!

छतावरचं_ऊन:
तो शेजारी मी नाही, पण सोलरवाला मी पण आहे आणि हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. बिल शून्यावर आलं, कोळसा वाचला, आणि लोकांना जळगाव ऐकायचंय. मिक्सर, फॅन रेग्युलेटर, दहा रुपयांचा एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, हे आवाज करत नाहीत का? सोलरच दिसतं फक्त.

सुदामानगर_काकू:
मिक्सर पाच मिनिटं चालतो, भाऊ. तुमचा इन्व्हर्टर दहा तास. आणि बल्बची गोष्ट काढू नका, मेन स्विच पाडून बॅटरीवर रेडिओ लावून बघितलंय, मोलकरणीसमोर. घर बंद, घर्रर्र चालू.

छतावरचं_ऊन:
मग मी पॅनल काढू? विमानतळासमोर कोणी राहतं तर विमानं बंद करतं का??

जेलरोड_दुरुस्ती:
भांडू नका, उपाय आहे. इन्व्हर्टर हजारो वेळा सेकंदाला उघड-बंद होतो, त्याची पिल्लं मीडियम वेव्हवर पडतात, आणि पॅनलपासून खाली येणाऱ्या दोन तारा लांब-लांब टाकल्या असतील तर तीच अँटेना. त्या दोन तारा एकमेकींना चिकटवून आणा, इन्व्हर्टरजवळ तारांवर फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या काळ्या चुंबकी) कड्या घाला, अर्थिंग नीट करा. आणि काकू, तुम्ही रेडिओ फिरवून बघा. आतली फेराइट सळई एका दिशेला बहिरी असते, ती दिशा शेजाऱ्याकडे करा.

लोकमान्यनगर_आजोबा:
शेजाऱ्याकडे बहिरं होणं आमच्या कॉलनीत सगळ्यांना जमतं.

विजयनगर_टेकी:
आता माझा मुद्दा ऐका, कारण तुम्हीच तो सिद्ध केलाय. साध्या एएममध्ये घर्रर्र असली तरी काकूंच्या वडिलांना नाटक कळायचं. डिजिटलमध्ये तसं नसतं, एका हद्दीपर्यंत काचेसारखं आणि त्याच्या खाली एकदम शांतता, मधलं काही नाही. इतक्या गोंगाटात तुमचं डीआरएम मुकं होणार. बोला रामबागवाले.

रामबाग_रेडिओ:
हो, होतं तसं. माझ्याकडेही पाणी सोडायच्या वेळी पंप लागला की आवाज जातो. झालं समाधान?

पण मग खरं दुखणं सांगतो. एफएम पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे जात नाही. इंदूरच्या एफएमवर मराठी कोण लावणार? आमच्या पिढीला मराठी रेडिओ मिळाला तो मीडियम वेव्हमुळे, रात्री मुंबई पाचशे किलोमीटरवरून यायची. म्हणून मला डिजिटल मीडियम वेव्हवर हवंय, म्हणजे ती खरखर जाऊन तेच अंतर राहील. उद्या इंदूर चौदावं शहर झालं, एका फ्रिक्वेन्सीवर जुनं एफएम आणि तीन नवे डिजिटल चॅनल आले, तरी त्या तिन्हींवर तेच आरजे ओरडणार. तुमचं ॲप मराठी देतं, हे मान्य. नाइलाजाने. मर्फी भंगारात द्या हे मान्य नाही.

विजयनगर_टेकी:
मर्फीची ओळ मागे घेतो, पोस्ट एडिट केली. "माळ्यावर ठेवा" असं लिहिलंय.

छतावरचं_ऊन:
रविवारी चार फेराइट लावल्या, जेलरोडवाल्यांच्याच दुकानातून. तारा पण बांधल्या. माझ्या शेजारच्या आजींनी सांगितलं की रेडिओत घर्रर्र अर्धी झाली. मी त्यांना विचारलं नव्हतं, त्या इतके दिवस बोलल्याच नव्हत्या.

सुदामानगर_काकू:
तुमचा नंबर द्या, माझ्या शेजाऱ्याला देते. आणि रामबागवाले, तो पंप कोणत्या वेळी लागतो ते जरा डायरीत लिहून ठेवा.