सांगली-साताऱ्याहून लांबचा विमानप्रवास : दारापासून दारापर्यंत खरे किती तास लागले? अनुभव सांगा

मुलगी लंडनला गेल्यापासून भेटेल तो विचारतो, किती तास लागतात हो? मी आपली सांगायचे, मुंबईपासून 7,200 किलोमीटर, साडेनऊ-दहा तास. पण मागच्या मे मधे स्वतः गेले तेव्हा खरा हिशोब कळला. दुपारी तीनला सांगलीतनं गाडी काढली, मुंबई पावणेचारशे किलोमीटर, त्यात खंबाटकीला ट्रॅफिक, विमान रात्री अडीचचं पण तीन तास आधी पोचायचं म्हणून जीव टांगणीला, आणि मुलीच्या दारात भडंगाची पिशवी घेऊन उभी राहिले तेव्हा तिथं सकाळचे दहा वाजले होते, आपल्याकडं दुपारचे अडीच. साडेतेवीस तास झाले की! येताना मात्र विमान नऊच तासात आलं. जावई म्हणाले वर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम, येताना तो पाठीमागनं ढकलतो. तुमचे हिशोब पण लिहा, जाणाऱ्यांना उपयोग होईल.

कराडहून
पुणे-दुबई विमानात तीन तास. कराड ते लोहगाव विमानतळ मला प्रत्येक वेळी त्याहून जास्तच लागलेत. शहरातनं जायचा वेळ वेगळा धरा, कात्रजला पोचलो म्हणजे पोचलो असं समजू नका.

विट्याहून
आमचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान कलकत्त्यात, आप्पांपासून. आप्पा तरुण असताना आज्जी गेली, तार मिळाली तशी ते गाडीत बसले. हावडा ते पुणे दोन हजार किलोमीटर, पुढं एसटी, तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंड बघायला मिळालं नाही हे ते शेवटपर्यंत बोलायचे. तीन वर्षामागं आईला रात्री ॲडमिट केलं, मला बाराला फोन आला, सकाळचं पहिलं विमान मिळालं, अडीच तासात पुणे आणि तिथनं गाडी करून दुपारी दोनला मी आईच्या कॉटजवळ होतो. चौदा तास. आईनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं तर जेवलास का. तिकीट महाग पडलं पण त्याचं मला काही वाटलं नाही. आई आता बरी आहे.

साताऱ्याहून
मी भूगोल शिकवायचो. मुलगा न्यूयॉर्कला निघाला तेव्हा सौ. ला काळजी, विमान समुद्रावरनंच जाणार ना सगळं? मग पृथ्वीगोल काढला, मुंबईवर दोरा धरला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. दोरा गेला सरळ वर, रशिया, स्वीडन, नॉर्वे, मग ग्रीनलंडचं दक्षिण टोक! भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसतच नाही. जवळचा रस्ता तोच, साधारण 12,550 किलोमीटर. प्रत्यक्षात विमानं वारा आणि बंद असलेलं आकाश बघून थोडी इकडंतिकडं जातात, मुलाला सोळा तास लागले. तेवढा वेळ सौ. नी गोल टेबलावरनं हलवू दिला नाही, दर तासाला येऊन विचारायची, आता कुठं असेल?

सांगली, परत मीच
विट्याचे दादा, आईंना नमस्कार सांगा. आणि लंडनवाल्यांसाठी एक राहिलंच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं घेतात, मग फरक साडेचारचा साडेपाच तास होतो. सकाळी दहाला फोन लावलात तर पोरं साखरझोपेत असतात.