होणारी सून विक्कन आहे, यूलला काय द्यावं? (बजेट ३० पौंड)

सांगलीकरीण_लीड्स
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. लेकाचं लग्न ठरतंय. मुलगी इथलीच, यॉर्कशरची, स्वभावाला फार गोड, पण ती विक्कन आहे (विक्का म्हणजे निसर्ग आणि ऋतू पुजणारा, जादूटोणा मानणारा इकडचा धर्म). म्हणजे ख्रिसमस करत नाही, २१ डिसेंबरला यूल करते, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाचा सण. यंदा ती यूलला आमच्याकडे येणारे, रात्रभर जागणार आणि सकाळी उगवता सूर्य बघणार म्हणते (लीड्समध्ये, डिसेंबरात, सूर्य! असो). तर तिला काहीतरी द्यायचंय आणि घरातही थोडी मांडामांड करायचीय, म्हणजे तिला परकं वाटायला नको. बजेट ३० पौंड, भेट आणि मांडणी सगळं धरून. फ्लॅट भाड्याचा, फायरप्लेस नाही, स्मोक अलार्म असा की मोहरी तडतडली तरी बोंबलतो. कृपया "त्यापेक्षा तिला मंगळागौर शिकवा" असले प्रतिसाद नकोत, ते नणंदेकडून आलेत.

ब्रिस्टलचा_बंड्या
ताई डोळे झाकून ग्लास्टनबरीला जा. हाय स्ट्रीटवर दुसरं काही विकतच नाहीत, स्फटिक, धूप, झगे, टॅरो, काय हवं ते. मी तिथून कास्ट आयर्नचं कॉल्ड्रन (बिडाचा हंडा) घेतलं, तीन पायांचं, झाकणासकट ८५ पौंड. सहा किलोचं धूड आहे, कार पार्कपर्यंत आणताना खांदा गेला. बायको तेव्हा चार दिवस बोलली नाही, आता त्यातच मटण करते. असली वस्तू पिढ्यानपिढ्या टिकते. स्वस्तातलं घेऊ नका.

सांगलीकरीण_लीड्स
बंड्याभाऊ, बजेट ३० लिहिलंय हो. आणि लीड्सहून ग्लास्टनबरी म्हणजे पेट्रोलमध्येच ३० संपले.

ब्रिस्टलचा_बंड्या
बघा, एकदाच होतं लग्न.

नीता_मिल्टनकीन्स
काही करा पण व्हाइट सेजची जुडी घेऊ नका!! मी घर शुद्ध करायला म्हणून आणली होती, ऑनलाइन ९ पौंडाला, त्यात लिहिलेलं "कोपऱ्याकोपऱ्यात धूर फिरवा", मी फिरवला. अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म वाजला, सगळे पायजम्यावर खाली, जानेवारीचा महिना, वरच्या मजल्यावरची म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही. आणि नंतर कळलं की ते आपण वापरायचंच नसतं, ते कॅलिफोर्नियाकडचं झुडूप, तिथल्या मूळ लोकांच्या विधीतलं, आता इतकी मागणी की रानातून चोरून ओरबाडतात. त्यापेक्षा रोझमेरी. इथे प्रत्येक दुसऱ्या कुंपणाला असते, सुतळीने जुडी बांधा, वाळवा, फुकट.

पुणेरी_पगडी
म्हणजे आता आमच्या पोरांनी परदेशात जाऊन भानामती करायची. चालू द्या. दिवाळीला आकाशकंदील लावायला यांना वेळ नसतो.

इतिहासाचा_किडा
@पगडी, तुमच्या आईने मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या असतीलच ना? ठसका आला नाही तर दृष्ट जबरी, वगैरे? तेच हे. सतराव्या शतकात इंग्रज लोक दगडी सुरईत टाचण्या, खिळे आणि स्वतःची लघवी भरून, बूच मारून चुलीखाली नाहीतर उंबऱ्याखाली पुरायचे, करणी उलटून करणाऱ्यावर जावी म्हणून. विच बॉटल म्हणतात, अजून जुनी घरं पाडताना सापडतात. कॉर्नवॉलमध्ये बॉसकॅसलला जादूटोण्याचं संग्रहालय आहे, जमलं तर जरूर बघा.
पण धागाकर्तीला एक सांगतो, "हजारो वर्षांचा धर्म" वगैरे जे छापतात ते सोडून द्या. जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा १९५१ ला रद्द झाला, १९५४ ला जेराल्ड गार्डनरचं पुस्तक आलं, तिथून विक्का लोकांसमोर आला. काही सण जुने आहेत, पण विक्काचं वर्षाच्या आठ सणांचं गोल चक्र असं एकत्र बसवलं ते १९५० च्या दशकात. सप्टेंबरातल्या सणाचं "मेबन" हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने ठेवलं.

पुणेरी_पगडी
म्हणजे माझ्यापेक्षा लहान धर्म. छान.

स्वप्नील_स्लाव
आमचं सार्वजनिक गणपतीचं पण १८९० च्या दशकातलंच आहे काका, म्हणून काय कोणी मांडव काढतं का.

पंचांगवाले_काका
मूळ मुद्दा राहिला. २१-२२ डिसेंबर हेच खरं उत्तरायण. संक्रांत १४-१५ जानेवारीला येते कारण आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं, अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो त्यामुळे) साधारण ७२ वर्षांनी एक दिवस सरकत सरकत २४ दिवसांचा फरक पडला. सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि यूल जवळजवळ एकाच दिवशी आले असते. त्यामुळे तिला तिळगूळ द्या. ज्योतिषशास्त्र

पंचांगवाले_काका
(वरचा प्रतिसाद चुकून अर्धाच गेला. बाकीचं तितकं महत्त्वाचं नाही.)

मेलबर्नचा_मंग्या
इथे त्याच दिवशी उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा दिवस असतो, आमच्याकडचे विक्कन तेव्हा लिथा करतात आणि यूल जूनमध्ये. माझी मॅनेजर करते. ३८ डिग्रीत झगा घालून. मेणबत्ती आपली आपणच वितळते.

पेडण्याचो_पांडू
लिथा म्हणजे आमचा सांजावच की. २४ जून, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालायचं आणि विहिरीत उडी. तिकडच्यांना मात्र जाळ पेटवायला लागतो, आमच्याकडे पाऊस असतो.

मेलबर्नचा_मंग्या
विहिरीत उड्या मारायला अजून परवानगी आहे का तुमच्याकडे?

पेडण्याचो_पांडू
परवानगी कोण मागतं.

सुतारकाम_डर्बी
अवांतर पुरे. ताई, यूल लॉग करा, स्वतः करा. पूर्वी ओकचा नाहीतर ॲशचा मोठा ओंडका चुलीत घालायचे, गेल्या वर्षीचा जळका तुकडा जपून ठेवलेला असायचा त्यानेच यंदाचा पेटवायचे. तुमच्याकडे चूल नाही म्हणून ओंडका जाळायचा नाही, त्यात मेणबत्त्या बसवायच्या. बर्चचा फूटभर लांब ओंडका घ्या, सालीसकट, पांढरी साल छान दिसते. वाळलेलाच घ्या, ओला घेतला तर हीटिंगने तडकतो, माझे दोन गेले असे. खालून रंधा मारून सपाट करा म्हणजे गडगडणार नाही. वर तीन भोकं. टीलाइट ३८-३९ मिलीमीटर असते, ४० चं फोर्स्टनर बिट लागतं, साध्या बिटने कडा फाटतात. ॲल्युमिनियमच्या वाटीतल्याच टीलाइट घ्या आणि ओंडका स्टीलच्या परातीत ठेवा. मी नेबरला करून दिला, ती रडली. बिट १२ पौंड, ड्रिल असेलच.

सांगलीकरीण_लीड्स
ड्रिल नाही हो. आमच्याकडे भिंतीला खिळा मारायला पण घरमालकाला मेल करावी लागते.

केतकी_आणि_ब्रूनो
सजावटीला मिसलटो नका आणू. टेनबरी वेल्सला त्याचा मोठा लिलाव भरतो, तिथला घेतला होता आम्ही, काय ती पांढरी मोत्यासारखी फळं, दारावर टांगला, दोन फळं खाली पडली, ब्रूनोने खाल्ली. व्हेटचं बिल २४० पौंड. होलीची लाल फळंही पोटाला बाधतात, आणि यू नावाचं झाड तर जवळजवळ सगळंच विषारी, चर्चच्या आवारात असतं ते. घरात कुत्रं मांजर लहान मूल असेल तर नुसती आयव्हीची वेल आणि पाइनच्या फांद्या, आयव्ही पण उंचावर.

सांगलीकरीण_लीड्स
कुत्रं नाही, पण नवरा न विचारता काहीही तोंडात टाकतो. लक्षात ठेवते.

रोहन_द_ग्रेट
तिला अथामे द्या. विक्कन लोकांचा काळ्या मुठीचा सुरा. माझ्याकडे आहे, डमास्कस स्टील.

नीता_मिल्टनकीन्स
होणाऱ्या सुनेला पहिल्या भेटीत सुरा?? आणि सुरी भेट दिली की नातं तुटतं म्हणतात, आई नेहमी एक रुपया घ्यायची बदल्यात.

स्वाती_एडिनबरा
गंमत म्हणजे इथे पण तेच आहे, चाकू भेट दिला की घेणाऱ्याने एक पेनी द्यायची. पण अथामे नकोच. ती ज्याची त्याने निवडायची वस्तू, त्याने काही कापत पण नाहीत, नुसतं हवेत वर्तुळ आखतात, कापायला वेगळी पांढऱ्या मुठीची सुरी. शिवाय ती घेऊन ट्रेनने परत जाताना पोलिसाने विचारलं तर काय सांगणार बिचारी.
माझी फ्लॅटमेट तीन वर्षं विक्कन होती (म्हणजे अजून आहे, फ्लॅटमेट नाही), तर बघितलेलं सांगते. मांडणीला काही विकत आणायची गरज नाही ताई. एक छोटं टेबल, त्यावर कापड. उत्तरेला पृथ्वी म्हणून वाटीत मीठ, पूर्वेला वारा म्हणजे उदबत्ती, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाणी. मार्गशीर्षातल्या गुरुवारची मांडणी करता ना, हात आपोआप वळतात. यूलला वर हिरव्या फांद्या, संत्री, पाइनकोन. संत्र्याला लवंगा टोचून ठेवल्या की घरभर वास येतो आणि अलार्म वाजत नाही. शेवटी काहीतरी गोड आणि पेय सगळ्यांनी वाटून घ्यायचं असतं, सफरचंदाचा रस दालचिनी-लवंग घालून गरम करा, झालं.
फक्त दोन गोष्टी. मध्ये आपला गणपती ठेवू नका, प्रेमाने ठेवाल पण तिला कळणार नाही की नमस्कार कुणाला करायचा. आणि आधी तिला विचारा. प्रत्येकजण वेगळं करतो, काही जण कोव्हेनबरोबर (त्यांचा गट), काही एकटेच, काहींना देवी चालते काहींना नुसता ऋतू.

बदलापूरचा_बाळ्या
मीठ-मोहरी ओवाळा, तेच हे.

इतिहासाचा_किडा
मी वर तेच म्हटलंय.

सांगलीकरीण_लीड्स
स्वातीताई, फार आभार. मेसेज करून विचारलं तिला. म्हणाली काही नको, तुम्ही जागलात माझ्याबरोबर तरी पुष्कळ. आता "काही नको" म्हणाली म्हणून काही द्यायचं नाही असं होतं का आपल्यात.
तर आज गार्डन सेंटरला गेले होते, तिथे बर्चच्या काड्यांचा झाडू दिसला, लांब दांड्याचा, अगदी चित्रातल्या चेटकिणीचा असतो तसा. १४ पौंड. बेसम म्हणतात त्याला. घ्यावा का?

नीता_मिल्टनकीन्स
सुनेला झाडू???

केतकी_आणि_ब्रूनो
सुनेला झाडू?!

ब्रिस्टलचा_बंड्या
ताई अहो सुनेला झाडू. कॉल्ड्रन घ्या.

सुतारकाम_डर्बी
लॉगच करा. ड्रिल पोस्टाने पाठवतो, परत करा.

पुणेरी_पगडी
प्रथमच या धाग्यावर सहमत. मुलीच्या आईला हे कळलं तर लग्न मोडेल. आमच्या वेळी सासूने हातात झाडू दिला तर त्याचा एकच अर्थ होता.

स्वाती_एडिनबरा
वस्तू चुकीची नाहीये तशी. विधीच्या आधी बेसमने जागा झाडतात, जमिनीला न टेकवता, केर नाही तर जुनी साचलेली ऊर्जा झाडायला. हॅण्डफास्टिंग म्हणजे त्यांच्या लग्नात नवरा-नवरी झाडूवरून उडी मारतात. पण तरी मी असते तर मेणबत्त्याच दिल्या असत्या. तुमच्या हातून तो झाडू जातोय, त्याचा अर्थ ती इंग्लिश घेईल की मराठी, कोण सांगणार.

रोहन_द_ग्रेट
अथामे.

सांगलीकरीण_लीड्स
सगळ्यांचं पटतंय. बघते.

सांगलीकरीण_लीड्स (२३ डिसेंबर)
झालं एकदाचं, अपडेट द्यायला आले. झाडूच घेतला. शिव्या घाला.
लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून हळदकुंकू लावतो ना, तर मी म्हटलं तसंच करू. दांड्याला हळदकुंकू, लाल दोरा, आणि देताना तिला सांगितलं की आमच्यात ही लक्ष्मी, हिला पाय लावायचा नाही. ती म्हणाली आमच्यात पण दाराशी ठेवतात, काड्या वर करून. यावर मात्र आमची जुंपली, कारण सांगलीत केरसुणी उभी ठेवलेली आईला चालायची नाही, आडवीच, आणि दारामागे, कुणाच्या नजरेस पडायला नको. ती म्हणे दिसायलाच हवा, तो राखण करतो. शेवटी तिचा झाडू तिच्या घरी जाणार म्हटल्यावर मी गप्प बसले. माझी केरसुणी माझ्याकडे आडवीच आहे.
मांडणी स्वातीताईंनी सांगितली तशी, परातीत टीलाइट. मिठाच्या वाटीतलं मीठ यांनी रात्री काकडीला लावलं. लेक दीड वाजताच झोपला, आम्ही दोघी जागलो, तिने सगळा वेळ पुरणपोळीचं पुरण वाटायला मदत केली आणि कच्चंच खाल्लं निम्मं. सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवला असं फोन म्हणाला, बाहेर नुसतं धुकं. तरी गॅलरीत उभ्या राहिलो, ती काहीतरी पुटपुटली, मी गायत्री म्हटली.
अलार्म वाजला, पण तिच्या उदबत्तीने नाही, कटाच्या आमटीच्या फोडणीने.
हिशोब: झाडू १४, मेणबत्त्या साडेचार, रस ३, संत्री २, एकूण साडेतेवीस. फांद्या शेजाऱ्याच्या.
आता ती १ फेब्रुवारीच्या इंबोल्कला (त्यांचा पुढचा सण) बोलावतेय तिच्याकडे. तेव्हा काय न्यायचं असतं? बजेट साडेसहा पौंड उरलेत.

पंचांगवाले_काका
तिळगूळ. रथसप्तमीपर्यंत चालतो.

पुणेरी_पगडी
केरसुणी आडवीच. बाकी मत बदललेलं नाही.

ब्रिस्टलचा_बंड्या
कुणाला कॉल्ड्रन हवं असेल तर सांगा, माझंच, ५० पौंड, थोडा मटणाचा वास आहे. पोस्टेज वेगळं. घरी इंडक्शन घेतलंय, त्यावर तीन पायांचं बसत नाही.