वाचनालयाचे संकेतस्थळ स्क्रीन रीडरवर नीट वाचले जावे यासाठी आधी काय दुरुस्त करावे?

ग्रंथसेवक:
तालुक्याच्या गावातले ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. संकेतस्थळावर पुस्तकसूची, मुदतवाढ, वर्गणी आणि सभागृहाचे आरक्षण एवढी कामे चालतात. सभासदांत ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत. दृष्टिहीन वाचकही आहेत, ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरतात: मोबाइलवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए. तक्रारी अशा: जुन्या सूचना स्क्रीन रीडरवर निरर्थक ऐकू येतात, सूचीत असलेली पुस्तके शोधून सापडत नाहीत, नोंदणीचा अर्ज मोबाइल क्रमांक ‘चुकीचा’ म्हणून परत येतो. संकेतस्थळ करणारे म्हणतात, अक्षर लहान-मोठे करणारे आणि रंग बदलणारे तयार बटण बसवू, म्हणजे झाले. पैसा मर्यादित आहे. कामाचा क्रम काय ठेवावा?

कानामात्रा:
ते बटण बसवू नका. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने आवाज, वेग, अक्षराचा आकार हे सगळे आपल्या यंत्रावर आधीच लावून घेतलेले असते. वरून बसवलेले बटण चुकीचा मजकूर किंवा नाव नसलेला रकाना दुरुस्त करू शकत नाही. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी मजकुरातच आहेत, म्हणून सुरुवात तिथून करा.

जुन्या सूचनेतला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली तर तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला आहे. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. हा मजकूर यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, बदलावाच लागेल. बदल मूळ डेटाबेसच्या प्रतीवर करा. दाखल क्रमांक, आयएसबीएन आणि इंग्रजी शीर्षकांचे रकाने परिवर्तकातून जाऊ देऊ नका, त्यांचाही कचरा होतो. नंतर तीन जागा माणसाने तपासायच्या: पहिली वेलांटी, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला ऱ.

दुसरे, पानाच्या एचटीएमएलमध्ये (पानामागच्या कोडमध्ये) भाषेची खूण पाहा. तयार साच्यात ती बहुधा इंग्रजीचीच राहून गेलेली असते. मग इंग्रजी आवाज मराठी मजकुरावर चालतो आणि आवाजाप्रमाणे अक्षरे गाळतो किंवा सुटी म्हणतो. संपूर्ण पानाला मराठीची खूण द्या, इंग्रजी शीर्षकाला त्याच्यापुरती इंग्रजीची. सूचीत भाषेचा रकाना असतोच, त्यावरून ही खूण आपोआप देता येते. आणखी एक फायदा असा की, ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

पुस्तके न सापडण्याचे कारण बहुतेक वेळा हे: ‘ॲ’ हे एकच चिन्ह आहे (यूनिकोड ०९७२), पण अनेक कळफलक ‘अ’वर वेगळा चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ऑ’चेही तेच. ‘दुसऱ्या’मधला ऱ दोन प्रकारे टंकला जातो: स्वतंत्र ऱ घेऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. यूनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, यांतले काहीच एकत्र आणत नाही. शोधासाठी वेगळा रकाना करा. त्यात आधी ‘र, हलन्त, जोडक’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, ॲ आणि ऑ एकाच रूपात आणा, आणि अदृश्य जोडक सर्वांत शेवटी काढा. क्रम उलटा झाला तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. शोधणाऱ्याने लिहिलेला शब्दही याच चाळणीतून न्या. पडद्यावर मात्र मूळ शीर्षकच दाखवा.

रकाना_रेघ:
मोबाइल क्रमांकाचे कारण सांगतो. मराठी कळफलकावर आकडे देवनागरी येतात आणि तपासणीचा नियम फक्त ० ते ९ या इंग्रजी आकड्यांचा असतो. क्रमांक लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नाही. तपासणीआधी देवनागरी आकडे (यूनिकोड ०९६६ ते ०९६एफ) इंग्रजीत बदला, मधल्या मोकळ्या जागा आणि सुरुवातीचे +९१ काढा, मग दहा आकडे मोजा. रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नका, तो देवनागरी आकडे घेत नाही. ‘दूरध्वनी’ प्रकार ठेवा, म्हणजे आकड्यांचा कळफलकही उघडतो.

प्रत्येक रकान्याला कायम दिसणारे नाव हवे आणि ते कोडमध्ये रकान्याशी जोडलेले हवे. आतली फिकट सूचना टंकायला लागताच नाहीशी होते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको. ‘मोबाइल क्रमांकात ९ आकडे आहेत, १० हवेत’ असे रकान्याजवळ लिहा आणि कर्सर पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्या.

ओटीपीसाठी सहा सुटे चौकोन करू नका. एकच रकाना, त्याला ‘एकदाच वापरायचा संकेतांक’ ही स्वयंपूर्तीची (ऑटोकम्प्लीट) खूण, आणि चिकटवायची मुभा. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका. तुमच्या अर्जाला लपवलेला सापळा-रकाना (माणसाला दिसत नाही, तो भरणारा यंत्र समजून अर्ज फेटाळायचा) आणि किती अर्ज घ्यायचे याची सर्व्हरवर मर्यादा एवढे बहुधा पुरते. फक्त तो सापळा स्क्रीन रीडर आणि टॅब कळ यांपासूनही लपवा, नाहीतर दृष्टिहीन सभासद तो भरतील आणि अर्ज फेटाळला जाईल.

‘मुदतवाढ’ बटणाचेही पाहा. घेतलेल्या चार पुस्तकांसमोर चार बटणे असतील तर ऐकणाऱ्याला चार वेळा फक्त ‘मुदतवाढ’ ऐकू येते. प्रत्येकाच्या नावात पुस्तकाचे शीर्षक जोडा, शब्द ‘मुदतवाढ’नेच सुरू होऊ द्या.

शिरोरेषा:
ज्येष्ठांसाठी थोडे. पांढऱ्यावर केशरी अक्षरे (रंगसंकेत एफएफ९९३३) किंवा केशरीवर पांढरी, दोन्ही टाळा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातली तफावत जेमतेम २.१:१ येते आणि साध्या मजकुराला ४.५:१ लागते. त्याच केशरीवर काळी अक्षरे मात्र ९.८:१ देतात, म्हणजे रंग बदलायचीही गरज नाही. पांढऱ्यावर करडा ७७७७७७ हा ४.४८ वर अडतो, ७६७६७६ पास होतो.

अक्षरांमधले अंतर वाढवण्याची आज्ञा मराठी मजकुराला लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या निदान १.६ पट ठेवा. बटणांना ठरावीक उंची दिली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, म्हणून उंची मजकुराप्रमाणे वाढू द्या. बोटांनी मोठे करण्यावर बंदी घालणारी ओळ पानात असेल तर ती आजच काढा. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या निकषांत, दाबायच्या जागेची किमान मर्यादा २४ पिक्सेल आहे. कापऱ्या बोटांसाठी मी ४४ च ठेवायला सांगेन.

ग्रंथसेवक:
खूप उपयोगी. वार्षिक अहवाल आणि सभेच्या नोटिसा पीडीएफ आहेत, काही स्कॅन केलेल्या. त्यांचे काय? आणि तपासणी कशी करावी?

कानामात्रा:
नोटीस साध्या वेबपानावर लिहा, पीडीएफ सोबत द्या. यूनिकोडमध्ये टंकलेल्या मराठी पीडीएफचाही आतला मजकूर अनेकदा उलटसुलट झालेला असतो, नोटपॅडची तीच चाचणी तिथेही चालते. वर्डमधून काढताना ‘प्रिंट’ने न काढता ‘सेव्ह ॲज’ने काढा आणि रचनेच्या खुणा ठेवण्याचा पर्याय चालू असू द्या. स्कॅन ३०० डीपीआयचे असेल तर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीच्या मराठी ओळखीतून मजकूर मिळतो. तारीख, वेळ, रक्कम आणि नावे डोळ्यांखालून घालायचीच. जुने सगळे एकदम करू नका. चालू वर्षाच्या नोटिसा, नियमावली आणि वर्गणीचे दर आधी.

तपासणीत आधी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर मुदतवाढ करून पाहा. मग १२८० पिक्सेल रुंद खिडकीत पान ४०० टक्के मोठे करा, आडवे सरकवावे लागता कामा नये. एनव्हीडीए मोफत आहे: एच कळेने मथळे, एफने रकाने, बीने बटणे फिरता येतात. मथळ्यांवरून पानाचा अंदाज येत नसेल तर मथळे नुसते ठळक अक्षरांत लिहिलेले आहेत, खरे मथळे नाहीत.

त्यानंतर दोन-तीन दृष्टिहीन आणि दोन ज्येष्ठ सभासदांना बोलवा, प्रवासखर्च द्या. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच सेटिंगमध्ये तीन कामे सांगा: अमुक पुस्तक शोधा, मुदतवाढ घ्या, वर्गणीची पावती उतरवा. मध्ये बोट दाखवू नका, कुठे थांबतात ते लिहून घ्या. विचारताना सुगम्य पुस्तकालयाची माहिती आहे का तेही विचारा. २०१६ पासून चालू असलेल्या त्या ऑनलाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकेही सुलभ स्वरूपात मिळतात. त्याचा दुवा मुखपृष्ठावर, सूचीच्या शोधाखालीच असावा.