व्हिडिओ सॉफ्टवेअर कंपन्यांच्या फुकट कार्यशाळा: समाजकार्य की जाहिरात?

त्रिमूर्तीनगरकर (धागा यांनी सुरू केला)

नागपूरच्या कॉलेजांत व्हिडिओ सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांच्या मोफत कार्यशाळा होतात. बॅनरवर 'समाजासाठी उपक्रम', आत नव्या आवृत्तीची ओळख आणि शेवटी प्रमाणपत्र. मी पत्रकारिता विभागात शिकवतो, त्यामुळे मुलांना घेऊन मीही बसतो. नुकत्याच झालेल्या अशा एका कार्यशाळेत आपोआप कॅप्शन तयार करण्याची सोय दाखवली. इंग्रजी क्लिप लावली, खाली ओळी आल्या. हिंदी लावली, त्याही आल्या. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, मराठी?" उत्तर मिळालं, "पुढे येईल." आणि कार्यक्रम पुढे सरकला.

कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण बहुतेकांची गत सारखीच आहे. माझं म्हणणं असं की कंपनीचं समाजकार्य तिच्या उत्पादनात दिसलं पाहिजे. हॉल, चहा-समोसा, प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरतं. सॉफ्टवेअरमध्ये मराठी आली तर ती टिकते, आणि कार्यशाळेला कधीच न पोचणाऱ्या काटोल-उमरेडच्या पोरालाही मिळते.

अडोबीच्या प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या, कारण त्याची माहिती जाहीर आहे. बोललेलं लिहून देण्याची सोय त्यात जुलै २०२१ मध्ये आली. सुरुवातीच्या १३ भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. पुढे यादी १८ वर गेली तेव्हा डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन आल्या. डॅनिश बोलणारे जगात साठ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे फलक लागले, पेढे वाटले. पण टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या क्लिपा जोडायच्या पट्टीवर, तिला जागा नाही.

अक्षरांचंही तेच. टायटलमध्ये 'वऱ्हाडी मित्रमंडळी' टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. प्रीमियरमध्ये यावर इलाज आहे: प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडायचं. पण हे कुणी सांगेपर्यंत पोरं श्री-लिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करतात, त्याचं चित्र बनवतात आणि ते टाइमलाइनवर टाकतात. पत्रिकेत नावाचं स्पेलिंग बदललं की सगळं परत पहिल्यापासून. तीन तासांच्या कार्यशाळेत ही एक गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागली असती. कुणी सांगितली नाही.

महालचा स्टुडिओ

सर, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. पण कार्यशाळेले असं झटकून टाकू नका. मी लग्नाचं काम करतो. साक्षगंध, हळद, लग्न, रिसेप्शन, सगळं. आमच्या लाइनमध्ये अजूनही कितीतरी जण एडियस नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करून राहिले. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात, आपल्या क्लिपा टाकल्या, गाणं बदललं, रेंडर मारला की झालं. आणि सॉफ्टवेअर? क्रॅक मारलेलं, म्हणजे चोरीचं. हे सगळ्यांले माहीत आहे, बोलत कोणी नाही.

यातून पोरांले बाहेर कोणी काढलं? डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि रंगाच्या सॉफ्टवेअरनं. ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये ते बनवणारी दा विंची सिस्टिम्स विकत घेतली. त्याआधी चित्राचे रंग सुधारायचं त्यांचं यंत्र लाखो डॉलरचं, मुंबईच्या मोठ्या पोस्ट स्टुडिओतच असायचं. २०११ पासून त्याची फुकट आवृत्ती निघाली. ट्रेनिंगची पुस्तकंही कंपनी पीडीएफमध्ये फुकट देते. माझ्याकडे कामठीचा पोरगा आहे, तो कार्यशाळेतच नोड, म्हणजे रंगाच्या एकेका बदलाचा वेगळा टप्पा, शिकला. आज हळदीच्या पिवळ्यात नवरीच्या चेहऱ्याचा रंग जात नाही तं त्याच्यामुळे. आधी पिवळा कमी केला की अंगाची हळदच गायब व्हायची. आता तो चेहऱ्यावर वेगळा मास्क लावतो, म्हणजे रंगाचा बदल तेवढ्याच भागाले लागतो. या हुनरवर त्याचं घर चालतं. तुम्ही त्याले जाहिरात म्हणा, मी रोजगार म्हणतो.

त्रिमूर्तीनगरकर

त्या पोराचं कौतुकच आहे, भाऊ. आणि तुम्ही माझीच बाजू मांडली: त्याला कामाला आलं ते फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर, म्हणजे उत्पादनच. आता हेही बघा, त्याच रिझॉल्व्हमध्ये बोललेलं लिहून देण्याची सोय २०२३ मध्ये आली ती फक्त पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीत. २९५ डॉलर. एकदाच भरायचे, हे मान्य. पण गावातल्या शिक्षकाला, छोट्या चॅनलवाल्याला ज्याची गरज आहे ते नेमकं कुलपात.

तर्रीपोहे

सर, राग मानू नका. डेन्मार्कमध्ये लोक पैसे देतात म्हणून डॅनिश आली. आपल्याकडे वर स्टुडिओवाल्या दादांनीच सांगितलं काय चालतं ते. आठ कोटींतले किती जण सदस्यता विकत घेतात? कंपनी धर्मशाळा नाही. ज्या दिवशी मराठीतून पैसा दिसेल त्या दिवशी मराठी येईल, निवेदन न देता येईल.

त्रिमूर्तीनगरकर

पैसा हीच कसोटी असेल तर तसं सांगावं. बॅनरवर 'समाजासाठी' लिहू नये. माझा आक्षेप धंद्यावर नाही, धंद्याला समाजकार्य म्हणण्यावर आहे.

ताळेबंद

मी सीए आहे, धंतोलीत बसतो. भावना बाजूला ठेवून कायदा सांगतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. पण नियमांत स्पष्ट आहे की नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम त्यात धरता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं हेही घातलं की मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व यात मोजायचं नाही. म्हणजे स्वतःचंच सॉफ्टवेअर शिकवणारी कार्यशाळा सीएसआरमध्ये दाखवणं कठीण आहे, आणि बहुतेक कंपन्या ती मार्केटिंगच्या खात्यातच टाकतात. हिशोबात जे मार्केटिंग आहे त्याला बॅनरवर समाजकार्य म्हणतात, इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूनं आहे.

पण उत्पादनात मराठी आणा ही मागणी सामाजिक जबाबदारीच्या नावाखाली करता येणार नाही. तोही धंद्याचाच भाग झाला. ती ग्राहक म्हणूनच करा.

मिहान डेव्हलपर

मला या चर्चेचा रोखच चुकीचा वाटतो. कंपनीच्या दाराशी उभं राहून मागायचं कशाला? व्हिडिओचं निम्मं जग कंपन्यांच्या बाहेर उभं राहिलंय. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर १९९६ मध्ये पॅरिसच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाला, २००१ पासून खुला आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ६०० कोटी डाउनलोड झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच वेळी इंटरनेटशिवाय, आपल्याच मशीनवर सबटायटल तयार करण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. (याच व्हीएलसीची वेबसाइट २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत भारतात बंद होती. आपण किती जण बोललो?)

एफएफएमपेग बघा. व्हिडिओ-आवाजाच्या फाइली वाचणारा, बदलणारा, २००० सालापासूनचा खुला प्रकल्प. व्हिडिओचं कुठलंही ॲप उघडा, आत कुठेतरी तो सापडण्याची शक्यता मोठी. ऑगस्ट २०२५ च्या ८.० आवृत्तीत त्यात व्हिस्पर जोडता येऊ लागलं. व्हिस्पर म्हणजे ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं, बोललेलं लिहून देणारं मॉडेल. ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं, आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. म्हणजे सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीला आज संध्याकाळीच मराठी कॅप्शन काढता येतील, एक रुपया न देता.

ती बरोबर येतील का? नाही. माझ्या आजीचं बोलणं लावून पाहिलं तर तिचं वऱ्हाडी 'करून राहिली' प्रत्येक वेळी मोडलं. मराठीचा आवाज त्यात फार थोडा गेलाय. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या खुल्या प्रकल्पावर मराठी आहे, तिथे कुणीही वाक्यं वाचून आवाज देऊ शकतो. भारतीय भाषांसाठीच काम करणारं मद्रास आयआयटीचं एआयफोरभारत आहे, सरकारचं भाषिणी आहे. आपल्या तीस मुलांनी कार्यशाळेत बसण्याऐवजी तीन तास आवाज दिला तर जास्त भलं होईल.

त्रिमूर्तीनगरकर

दादा, माहितीबद्दल आभार, विभागात दाखवतो. पण मग श्रम कुणाचे आणि फळ कुणाला, हेही विचारा. तुमच्याच एफएफएमपेगचं एप्रिल २०२४ मधलं प्रकरण आठवा. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या माणसानं त्यांच्या तक्रार-यादीत तातडीची म्हणून नोंद टाकली, आमचं उत्पादन मोठं आहे असं सांगून. एफएफएमपेगवाल्यांनी देखभालीचा कायमचा करार मागितला, तेव्हा एकरकमी काही हजार डॉलर पुढे केले गेले. तक्रार कशाची होती? कॅप्शनचीच. उद्या माझ्या मुलांनी दिलेला आवाज घेऊन हीच मंडळी मराठी कॅप्शन महिन्याच्या वर्गणीवर विकतील.

मिहान डेव्हलपर

विकू द्या. खुल्या परवान्याचा अर्थच तो. एकदा खुलं झालं की कुणीही ते कुलपात घालू शकत नाही, मूळ प्रत बाहेर राहतेच. आणि सगळे फुकटेही नाहीत. शेअर ब्रोकर झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. भारतीय कंपनी आहे, आणि व्हिडिओशी तिचा काडीचा संबंध नाही.

आपली बसचा प्रवासी

नागपूरचाच दाखला कुणी दिला नाही म्हणून लिहितो. २०२१ मध्ये आपल्या शहरात आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपलआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (सीआरआरआय), महिंद्र आणि आपली महापालिका. सिटी बसच्या काचेवर कॅमेरा, पुढचं वाहन किंवा माणूस फार जवळ आला की ड्रायव्हरला आवाज देतो. त्या इशाऱ्यांवरून कुठल्या जागी अपघात होण्याची शक्यता आहे ते आधीच हेरता येतं. मला हा खरा सहभाग वाटतो. सॉफ्टवेअर लोकांच्या रोजच्या रस्त्यावर आलं, हॉलमध्ये राहिलं नाही.

तर्रीपोहे

आणि कंपनीला भारतीय रस्त्याची माहिती मिळाली. दोघांचा फायदा झाला, चांगलंच आहे. मी तेच म्हणतोय.

विशेष शिक्षिका

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. आत्तापर्यंतची सगळी चर्चा वाचली आणि सगळ्यांशी थोडं भांडायचं आहे.

आपल्या देशात ऐकण्याची अडचण असलेले ५० लाखांवर लोक २०११ च्या जनगणनेनं मोजले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला, त्याच्या कलम ४२ मध्ये माध्यमांत कॅप्शन आणि सांकेतिक भाषा असावी असं आहे. माझ्या वर्गात ते कलम कसं पोचतं ते सांगते. मी पाठाचा व्हिडिओ करते, मग क्लिप थांबवून थांबवून स्वतः कॅप्शन टाइप करते. दहा मिनिटांच्या पाठाला अख्खी दुपार जाते. ओळी खाली ठेवल्या की त्या माझ्या हातांवर येतात, आणि मुलं तर हातच वाचत असतात. मग प्रत्येक ओळ उचलून वर न्यायची. कुठल्याच सॉफ्टवेअरनं मला कधी विचारलं नाही की चित्रात हात कुठे आहेत.

आता मिहानवाल्या दादांना. मोफत मॉडेलनं काढलेली मराठी मी वर्गात लावू शकत नाही. ऐकणारं मूल चुकीचं कॅप्शन पाहून हसतं आणि कानावर विश्वास ठेवतं. माझी मुलं मराठी शिकतातच मुळी डोळ्यांनी. पडद्यावर 'पाणी' चुकून 'पानी' आलं तर त्यांच्यासाठी तीच मराठी. म्हणून 'नसण्यापेक्षा बरं' हे तुमच्यासाठी खरं असेल, माझ्या वर्गात नाही.

आणि सर, तुम्हालाही. तुम्ही भाषांची यादी मोजताय. यादीत मराठी आली आणि ती अशीच असली तर कंपनी हात वर करेल, "दिली की मराठी!" मला यादीतली मराठी नको, तपासलेली हवी.

महालचा स्टुडिओ

ताई, हाताचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या ओळी वर न्यायचं काम एक प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, बनवून होऊन जाईल, सगळ्या ओळी एकदम वर. माझा तो पोरगा करून देईल, पैसे नाही घेणार.

त्रिमूर्तीनगरकर

ताई, 'तपासलेली' हा शब्द मी माझ्या मागणीत घालतो. आमच्या विभागानं पुढच्या कार्यशाळेला हॉल देताना एक अट घालावी असं मी सुचवणार आहे: प्रात्यक्षिक मराठी बोलण्यावर करायचं, आमच्याच क्लिपवर, आणि आलेल्या चुका कंपनीला तिथेच पडद्यावर दाखवायच्या.

महालचा स्टुडिओ

अशी अट घातली तं येणारच नाहीत ते. आणि माझ्या कामठीच्या पोरासारखी पोरं शिकायची राहून जातील. हॉल नका अडवू सर.

ताळेबंद

अट घाला. हॉल तुमचा आहे. एखादी तरी येईल, आणि जी येईल तिच्याशीच बोलण्यात अर्थ आहे.

मिहान डेव्हलपर

ताई, तुम्ही हातानं टाइप केलेली कॅप्शन किती वर्षांची आहेत? आवाज आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा तपासलेला मजकूर म्हणजे मॉडेल सुधारायला सोनं आहे. खुली कराल का?

विशेष शिक्षिका

व्हिडिओत मुलं दिसतात, ते पालकांना विचारल्याशिवाय कुणालाही मिळणार नाहीत. नुसता माझा आवाज आणि मजकूर वेगळा काढून मिळत असेल तर देईन. त्रिमूर्तीनगरच्या सरांना पटणार नाही, कंपन्याही घेतील म्हणतील. घेऊ देत. फक्त मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी आधी घेते, तोवर थांबा.