प्रँक मुलाखत म्हणजे निव्वळ फसवणूक?

काहीजण म्हणतात की खोटं नाव, खोटा वेश घेऊन नेत्याची मुलाखत घेणं म्हणजे निव्वळ फसवणूक. मला नाही पटत. १९९७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वर विनोदी कलाकार ख्रिस मॉरिसचा 'ब्रास आय' हा बातम्यांची टर उडवणारा कार्यक्रम लागायचा, त्यात 'केक' नावाचं एक ड्रग असल्याची थाप मारली होती, असं ड्रग जगात कुठे नव्हतंच, तरी डेव्हिड एमेस नावाचे खासदार त्याविरुद्ध कॅमेऱ्यासमोर तावातावाने बोलले आणि वर पार्लमेंटमध्ये त्यावर प्रश्नही विचारून आले! म्हणजे लोकप्रतिनिधी न तपासता किती बोलतो हे साध्या मुलाखतीत कधी कळलंच नसतं ना. वेश बदलून मुलाखती घेणारा ब्रिटिश विनोदी कलाकार सॅशा बॅरन कोहेनचंही तेच, २०१८ च्या त्याच्या 'हू इज अमेरिका?' या टीव्ही मालिकेत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा आमदार जेसन स्पेन्सर जे काही बरळला त्यानंतर त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच मालिकेत फसलेला अलाबामाचा माजी न्यायाधीश रॉय मूर, त्याने तर कोहेनवर साडेनऊ कोटी डॉलरचा दावा ठोकला, पण शूटिंगआधी कागदावर सही केलेली होती म्हणून २०२१ मध्ये कोर्टाने तो फेटाळला.

आमच्या लालबाग-परळला गिरणगावात तमाशाचे वग बघत माणसं मोठी झाली, तिथे सोंगाड्या भर दरबारात राजाला उलटं बोलतो आणि पब्लिक टाळ्या पिटतं, त्यामुळे हे मला परकं वाटतच नाही. फक्त दादर स्टेशनवर घाईत लोकल पकडणाऱ्या साध्या माणसाला गाठून त्याची फजिती टीव्हीवर दाखवतात ते मात्र मला अजिबात सहन होत नाही, त्याच्या हातात कसली सत्ता असते हो?