सागरी महामार्ग नक्की कुठवर झालाय? बेळगावहून जायचंय

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आई, बायको आणि दोन पोरं घेऊन गाडीनं समुद्राच्या कडेकडेनं फिरायचा बेत आहे. मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतोय की रेवस-रेडी सागरी महामार्ग झाला, आता मुंबईपासून गोव्यापर्यंत समुद्र बघत गाडी मारा. मेव्हणा म्हणतोय आंबोलीनं उतर आणि वेंगुर्ल्यावरून सरळ रत्नागिरी गाठ, बायको म्हणतेय कारवार-गोकर्ण-मुर्डेश्वर करूया तिकडं चारपदरी आहे, आणि आईचं एकच, कुणकेश्वर. गाडी छोटी आहे, आईचे गुडघे दुखतात, धाकट्याला घाटात उलट्या होतात. जायचंय खरं घरात रोज यावरूनच वाद चाललाय. कुणी अलीकडं जाऊन आलंय का? रस्ता झालाय का नाही तेवढं सांगा आणि खाली उतरायला कुठला घाट धरू तेपण.

वेंगुर्लारोडवाला:
दादा पहिलं व्हिडिओ बघायचं बंद करा. जे दाखवतात तो आरे-वारेचा एक तुकडा आहे, रत्नागिरीजवळचा, तेवढाच ड्रोन लावून सगळे फिरवायलेत.

आता नीट ऐका. मुंबई-गोवा हायवे म्हणजे एनएच ६६, जुना १७ नंबर, तो महाराष्ट्रात समुद्राजवळनं जातच नाही, महाड, चिपळूण, कणकवली, कुडाळ असा आतनं जातो. समुद्राकडचा रस्ता वेगळा, तो राज्याचा, रेवसपासून रेडीपर्यंत जवळपास ५०० किमी. अंतुले मुख्यमंत्री असताना म्हणजे १९८०-८२ च्या सुमारास त्याची कल्पना निघाली, आणि अजून तो सलग नाही. कारण खाड्या. कोकणात दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, पूल नाही तर रस्ता तिथंच संपला. काही पूल होऊन गेले, मोठे राहिलेले आता एमएसआरडीसीनं, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळानं, हातात घेतलेत. शिवाय कांदळवन आलं की परवानग्या, हापूसची बाग आली की भूसंपादन, तिथं कोण सहजासहजी कलम तोडू देईल सांगा. तोवर दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड असल्या ठिकाणी गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवून पलीकडं न्यायची. पोरांना ते रस्त्यापेक्षा जास्त आवडतंय हे मात्र खरं.

तुमच्यासाठी गोष्ट सोपी आहे, रत्नागिरीचं नाव काढू नका. वेंगुर्ला, मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड एवढंच करा. कर्ली खाडीवर पूल आहे, मालवणच्या पुढं कोळंबचा पूल आहे, आणि कुणकेश्वरहून देवगडला जायला तारामुंबरीचा पूल झाल्यापासून वळसा वाचतो. रस्ता मात्र महामार्ग नव्हे हं. वाडीतनं जाताना दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे आणि समोरनं एसटी आली की तुम्ही आरसे मिटून गडग्याला चिकटून उभं राहायचं, ड्रायव्हर हात करतो, कंडक्टर मागं बघून शिट्टी मारतो, मग एकेक टायर पुढं. स्पीड कसला, तासाला तीस-पस्तीस पडलं तरी खूप.

आणि उतरायला आपला वेंगुर्ला रोडच. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या कॅम्पाचा, म्हणजे लष्करी छावणीचा, माल वेंगुर्ला बंदरात उतरून ह्याच वाटेनं वर यायचा, उगाच नाव पडलं नाही त्या रोडला.

सदाशिवगडची लेक:
माझं माहेर काळी नदीच्या पलीकडं, म्हणून कारवारकडचं मी सांगते. वहिनींचं बरोबर आहे, रस्ता आमच्याकडचा मोठा, माजाळीपासनं खाली भटकळच्या पुढपर्यंत चारपदरी, टोलही भरपूर. पण दादा, समुद्र किती दिसतो? कारवार शहरात टागोर बीचला लागून रस्ता आहे तिथं दिसतो, मग अधनंमधनं, आणि खरा नजारा पार मरवंतेला, एका बाजूला सौपर्णिका नदी आणि एका बाजूला समुद्र. ते मुर्डेश्वरच्याही बरंच खाली आहे, आईंना घेऊन तेवढं बसणं होईल का बघा. गोकर्ण तर हायवेवर नाहीच, मादनगेरीवरनं आत वळावं लागतं.

रुंदीकरणाचं म्हणाल तर आम्ही ते अंगावर घेतलंय. डोंगर उभेच्या उभे कापले, पायऱ्या न ठेवता. १६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यात शिरूरला दरड आली, रस्त्याकडेचं चहाचं हॉटेल त्यातल्या माणसांसकट गेलं, केरळची लाकडं भरलेली लॉरी गंगावळी नदीत गेली ती सापडायला सप्टेंबर संपत आला. त्यातनं सावरतोय तोवर ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर काळी नदीवरचा जुना पूल पडला. एक ट्रक पाण्यात, नशिबानं ड्रायव्हरला वर काढला, काढणाऱ्यांत आमच्याकडचे मासेमारीवालेही होते. त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही, कारण सगळ्यांचं येणंजाणं त्याच पुलावरनं. डिसेंबरात या, भीती नाही, खरं जून ते सप्टेंबर कुणी विचारलं तर मी नकोच म्हणते.

संकेश्वरी ठसका:
ताई, मग काय रस्ते करायचेच नाहीत का? शिरूरला चूक रस्त्याची नव्हती, कापायच्या पद्धतीची होती. आमच्या संकेश्वर-बांदा रस्त्याचं बघा की, गडहिंग्लज-आजरा करत आंबोलीला जातोय, पूर्वी खड्डे मोजत जायचो आता चहा गार व्हायच्या आत आजरा (थोडं वाढवून सांगतोय). निपाणी-चिकोडीकडच्यांना कोकण जवळ आलं ते त्या रस्त्यामुळं. आंबोलीचा घाट मात्र तोच जुना अरुंद आहे.

बाकी घाट: चोर्ला गोव्यासाठी ठीक, खरं वळणं फार, तुमचा धाकटा जांबोटी सोडली की सुरू होईल. अनमोडच्या रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. कारवारला जोयडा-अणशीवरनं जाता येतं, जंगल झकास, वाटेत खायला काही मिळत नाही, डबा घ्या. यल्लापूर-अंकोला म्हणजे लॉऱ्यांच्या मागं मागं.

आणि मॅप लावताना गाव नीट बघा. गोव्यात केरी दोन आहेत, एक चोर्ल्याच्या पायथ्याला सत्तरीत, एक पेडण्यात तेरेखोलच्या फेरीजवळ. शिरूरही दोन, दुसरं बैंदूरकडं. आमच्या एका पाहुण्यानं समुद्र म्हणून सत्तरी गाठलेली.

टिळकवाडीकर:
सगळ्यांचे आभार. ताई, पुलाचं वाचून बायको गप्पच झाली, म्हणाली कारवार पुढच्या वेळी. तर आंबोली, वेंगुर्ला, मालवण, कुणकेश्वर फिक्स. एक राहिलं, पोरांना जंगलजेटी पाहिजेच म्हणून हट्ट धरलाय, एवढ्यात कुठं जवळ आहे का?

वेंगुर्लारोडवाला:
जंगलजेटीसाठी रत्नागिरीच्या वर जावं लागेल, ते नकोच. त्यापेक्षा परतताना रेडीवरनं तेरेखोल किल्ला बघा आणि तिथनं गोव्याची फेरीबोट धरून केरीला उतरा, गाडी चढते. पेडण्याच्या केरीला हं, सत्तरीच्या नव्हे. किल्ला नदीच्या अलीकडं असून गोव्यात मोडतो, हे पोरांना सांगा आणि बघा किती प्रश्न विचारतात. आणि आईंना वेंगुर्ल्यात चढायचं नसलेलं ठिकाण दाखवा, लाईटहाऊसच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत.