तीस वर्षं तक्रारी केल्या, मग घर सोडावंसं आत्ताच का वाटायलंय?

शाळेच्याबाई (लातूर)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात सांगणं मला वर्गात जमतं, इथं नाही.

आमचं घर जुन्या लातुरात, गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांनी 1989 साली बांधलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि पुढं पाच फुटांचा ओटा. मी 1996 ला लग्न होऊन आले तेव्हापासूनच्या तक्रारी आजही त्याच आहेत. पावसाळ्यात मधल्या खोलीचा स्लॅब गळतो, खाली बादली कुठं ठेवायची ते लेकीला अंधारातसुद्धा कळतं. गल्लीत चारचाकी येत नाही. जोराचा पाऊस झाला की न्हाणीतून पाणी उलटं येतं. लेक दहावीला होती तेव्हा घरात बसायला जागा नाही म्हणून ओट्यावर बल्ब ओढून अभ्यास करायची. एवढं असून आम्ही एकदाही दुसरं घर बघायला गेलो नाही. 2008 ला औसा रोडला प्लॉट स्वस्तात मिळत होता, तो ह्यांनी घेतला नाही. त्यावरून आमच्यात अजून बोलणं होतं. बोलते मीच.

आता शेजाराचं सांगते. उजव्या अंगाला काका-काकू राहायचे. 2016 चा उन्हाळा इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. आमच्या घरात मात्र पाणी आलं ते काकांच्या बोअरचं. तेही दिवसातून वीसेक मिनिटंच चालायचं. काकांनी मधल्या भिंतीला छिन्नीनं भोक पाडलं, त्यातून निळा पाइप इकडं सोडला. पहाटे साडेचारला काकू भिंतीवर उलथनं वाजवायच्या, की मी उठून घागरी लावायची. पाच आमच्या, मग पाइप ओढून पुढच्या घरच्या तीन. उन्हाळा संपल्यावर मी लाइटबिलाचं विचारलं, तर काकू चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

काका 2022 ला गेले. काकूंना मुलानं पुण्याला नेलं, घर विकलं. घेणाऱ्यानं वर दोन मजले चढवले आणि हॉस्टेल काढलं. नीटच्या ट्यूशनला बाहेरगावची पोरं येतात, लातुरात हे काही नवीन नाही. आमच्या गल्लीत मात्र नवीन. 26 पोरं, 11 मोटरसायकली. पोरं वाईट नाहीत. मला 'मॅडम' म्हणतात, एक तर परभणीच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा निघाला. पण दर दोन वर्षांनी चेहरे बदलतात, नाव पाठ होईस्तोवर पोरगं निघून गेलेलं असतं. नव्या मालकानं गिलावा करताना भिंतीतलं भोक बुजवलं. आमच्या बाजूला पाइपाचा दोन बोटं तुकडा अजून बाहेर आहे.

तेव्हापासून तीच बादली मला बघवेना. तीच न्हाणी, तीच गल्ली. यंदा मीच ह्यांना म्हटलं, चला घर बघू. औसा रोडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला, 38 लाख सांगायलेत. आमचं घर तो हॉस्टेलवालाच मागायलाय. सासूबाई 81 वर्षांच्या. त्या म्हणतात, तुम्ही जा, मी ओट्यावर बसून राहते.

तर मला विचारायचंय की तुमच्यापैकी ज्यांनी घर बदललं, त्यांना नक्की कशानं उठवलं? आणि नवीन घरात ते मिळालं का?

बायपासवाला (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी सिडकोतलं रो-हाउस विकून बीड बायपासला फ्लॅट घेतला, 2019 ला. कारण एकच, पार्किंग. गाडी लावण्यावरून रोज भांडण. आता गाडी निवांत लागते आणि भांडण टँकरवरून होतं. जायकवाडी भरलेलं असो नसो, इथं आम्ही पाणी विकत घेणार. सोसायटीचा मेंटेनन्स विचारला असेल, टँकरचा खर्च त्यात धरलाय का ते विचारा. एप्रिलचं बिल मागा, ऑगस्टचं दाखवतील. फ्लॅट दुपारी बघू नका. बिल्डर दुपारीच दाखवतो. संध्याकाळी सातला जा, लिफ्टपाशी दहा मिनिटं उभे राहा.

पश्चात्ताप? नाही. पण आई पहिली दोन वर्षं रोज सकाळी रिक्षानं जुन्या कॉलनीतल्या देवळात जायची. महिन्याला दोन हजार रिक्षाचे. तेही बजेटात धरा.

गुत्तेदार_72

विकू कशाला? तुम्हीच हॉस्टेल काढा. कॉट मोजा, भाडं मोजा, डोळे पांढरे होतील. आयुष्यभर शिकवून मिळालं नसेल तेवढं.

शाळेच्याबाई

@गुत्तेदार_72, बाप्पा, मी घर सोडायचं का ते विचारलंय, धंदा कोणता करू ते नाही. कॉट मी मोजल्यात, भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं.

नकाशावाला (परभणी)

बाई, मी भूगोल शिकवतो, त्यामुळे थोडं पुस्तकी बोलतो, चालवून घ्या. तुमच्या प्रश्नावर लोकांनी बराच विचार केलेला आहे. पीटर रॉसी नावाच्या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत फिलाडेल्फियातली कुटुंबं अभ्यासून 1955 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचा भर जागेवर होता. कुटुंब वाढतं, पोरं मोठी होतात, घर अपुरं पडतं, माणसं हलतात. त्या हिशोबानं तुम्ही लेक दहावीला होती तेव्हाच हलायला पाहिजे होतं. आता तर ती गेली असेल सासरी किंवा नोकरीला, घर उलट मोकळं झालंय, आणि तुम्ही निघालात.

पुढं 1974 मध्ये ऑल्डन स्पिअर यानं मांडलं की घराचा आकार, वस्ती, नातीगोती, मालकी या सगळ्यांचा परिणाम आधी समाधानावर होतो, आणि समाधान एका पातळीच्या खाली गेलं की मगच माणूस दुसरं घर शोधायला लागतो. त्या पातळीच्या वर असेतो तो कुरकुरत राहतो, पण जात नाही. तुम्ही तीस वर्षं अशाच वर राहिलात. गळका स्लॅब ओढत होता खाली, काकू धरून होत्या वर. काकू गेल्या आणि तराजू कलला. बादली बिचारी तीच आहे.

एक भर माझी. त्या अभ्यासांमधला माणूस मोकळा आहे, नाराज झाला की घर बघतो. आपल्याकडं वाटणी झालेली नसते, सात-बाऱ्यावर किंवा पीटीआरवर (घरपट्टीच्या नोंदीवर) तिघांची नावं असतात, म्हातारं माणूस हलत नाही. त्यामुळे पातळीच्या पार खाली जाऊनही लोक तिथंच असतात. माझाच मोठा भाऊ बघा, वीस वर्षं नाराज आहे आणि परवा त्यानं त्याच घराला रंग दिला.

तेरणाकाठ (औसा तालुका)

मी सहसा इथं लिहीत नाही, वाचतो. पण ताईंच्या भिंतीतल्या भोकावरून लिहावंसं वाटलं.

आम्हाला घर बदलायचं का असं कुणी विचारलं नाही. 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. मी अकरा वर्षांचा. आमचं घर माळवदाचं, दोन-अडीच हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार लागायचं म्हणून पाहुणे वाखाणायचे, त्या रात्री त्याच मातीखाली माणसं गेली. पुढं जी 52 गावं पूर्ण उठवून नवीन जागी बसवली त्यात आमचंही.

नवीन घर पक्कं होतं, त्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही. घर मिळालं जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, जास्त जमीनवाल्याला 750. कागदावर बरोबर. पण वाटप तसं झाल्यामुळे आमच्या गावात एका गल्लीतली भावकी तीन टोकांना गेली. जुन्या गावात आज्जीच्या दारासमोर तिची जाऊ, बाजूला कासारीण, मागं आमचाच गोठा. नव्या गावात सरळ रस्ते, एवढे रुंद की पलीकडच्या ओट्यावरच्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. आज्जी म्हणायची, "हितं बोललेलं सगळ्या गावाला ऐकू जातंय आणि जिला ऐकवायचंय तिला जात नाही."

गोठ्याला जागा नव्हती. वर्षभरात ज्यानं त्यानं पत्रे ठोकून पुढं छप्पर ओढलं. बाहेरची माणसं बघायला यायची आणि म्हणायची, एवढं चांगलं आखून दिलेलं गाव ह्यांनी घाण केलं. आम्हाला तर त्या पत्र्यांनीच जरा गल्लीसारखं वाटायला लागलं होतं. रस्ता अरुंद झाला, सावली पडली, बाया खाली बसायला लागल्या.

आज्जी नऊ वर्षं त्या घरात राहिली. विचारलं तर घर चांगलं म्हणायची. पण दर अमावस्येला जुन्या गावठाणात जाऊन आमच्या उंबऱ्याच्या दगडाला कुंकू लावून यायची.

ताई, घर विका, नका विकू, तुमचं तुम्ही ठरवा. फक्त एक करा. तुमच्या गल्लीतून जे गेले ते कुठं कुठं गेले ते आधी एका कागदावर लिहून काढा.

शाळेच्याबाई

चार दिवस उत्तर दिलं नाही, परीक्षेचे पेपर होते. सगळ्यांचं वाचलं. नकाशावाले सर, लेक खरंच नोकरीला हैदराबादला आहे, बरोबर ओळखलंत. @बायपासवाला, तुमचं ऐकून मंगळवारी संध्याकाळी सातला गेले. लिफ्टपाशी दहा नाही, वीस मिनिटं उभी राहिले. सात माणसं आली-गेली, सहा जणांच्या कानाला फोन. सातवी एक बाई, हातात सांडग्यांची परात, गच्चीवरून उतरत होती. ती थांबली आणि म्हणाली, कुणाकडं आलात? मी म्हटलं, फ्लॅट बघायला. ती म्हणाली, तिसऱ्यावरचा का, तिथं उत्तरेच्या खोलीत ओल येते, बिल्डरनं रंग दिलाय वरून. म्हणजे बादली तिथंही न्यावी लागणार. पण ती बाई मला आवडली.

आणि तेरणाकाठ दादा, तुमचा कागद रात्री केला. सासूबाईंना घेऊन बसले, कारण 1996 च्या आधीचं मला काय माहीत. गल्लीत 14 घरं. त्यातली 9 घरची माणसं आता इथं राहत नाहीत. दोन घरं पुण्यात, एक मुंबईला, एक अमेरिकेला, दोघांचा पत्ता सासूबाईंनाही लागेना. उरलेली तिघं, हे मला कागदावर लिहीस्तोवर लक्षातच आलं नव्हतं, तिघंही अंबाजोगाई रोडच्या एकाच कॉलनीत आहेत. आधी टेलर गेला, मग त्याच्या सांगण्यावरून पोस्टातले भाऊजी, मग त्यांचं बघून पिठाच्या गिरणीवाले.

सासूबाई कागदाकडं बघत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गिरणीवाल्याच्या घरी काय ओटा हाय का?"

रविवारी दळण घेऊन आम्ही दोघी तिकडं जायलोत. ह्यांना अजून सांगितलं नाही, ते फ्लॅटच्या कर्जाचे कागद गोळा करायलेत.